हसरा तांडेल

"...पण चाचा, आजोबा नेमके बसायचे कुठे?"

कप्तान निशिकांत जाक्कर होडीच्या काठावर हात ठेवून उभा होता. बूट चकचकीत. सहा तास जीपमध्ये बसूनही पांढऱ्या गणवेशाची घडी मोडलेली नव्हती. छातीवर पदकाची नवी कोरी फीत.

उस्मानचाचा होडेकर आधी होडीभोवती एक फेरी मारून आले. नव्वदीला टेकलेला माणूस. चालताना एक हात कायम होडीच्या अंगावर. म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"बसायचे?" ते म्हणाले. "तुला बसायचंय का तिथं?"

"एक फोटो काढावा म्हणतो. त्यांच्या जागेवर."

"हं..." चाचा म्हणाले.

कातळवेळ बंदरातलं ते संग्रहालय म्हणजे एके काळची जकातीची वखार. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आणि समुद्राच्या अंगाला एवढा मोठा दरवाजा की अख्खी होडी आतबाहेर जावी. गेलीही होती. सत्तर वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या अवकाळी वादळात, 'मंदाकिनी' नावाची आगबोट बंदरासमोरच्या 'कासवखडप' नावाच्या खडकावर चढली आणि मधोमध चिरली. भर दुपारी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी आठ वल्ह्यांची ही होडी तीन वेळा गेली, तीन वेळा आली. चौतीस जीव घेऊन आली.

त्या चौतिसांनी मागे ठेवलेल्या वस्तू म्हणजे हे संग्रहालय. आगबोटीची पितळी घंटा. बुडू नये म्हणून बांधायचे बुचाचे पट्टे. मनगटाएवढा जाड दोर. एका नाटक मंडळीची बाजाची पेटी. तिचा भाता दाबला की आता नुसती हवा निघते. गावकऱ्यांनी कुणाकडे हात न पसरता हे सगळं जपलं होतं. दर शनिवारी आळीपाळीने कुणीतरी झाडून घ्यायचं, होडीला तेल लावायचं. कातळवेळात पाहुणा आला की चहाआधी त्याला इथं आणतात.

आणि समोरच्या भिंतीवर ते चित्र.

सुकाणावरचे हिराजी तांडेल. निशिकांतचे आजोबा. डोक्याला फडकं, मिशा पाण्याने चिकटलेल्या, मागे डोंगराएवढी लाट... आणि तोंडभर हसू. पांढरेशुभ्र दात चमकताहेत. वाचलेल्या नटांपैकी एक जण पडदे रंगवायचा. त्यानेच हे काढून पाठवलं होतं. नटांनी गावोगाव सांगितलं होतं, आम्ही मरणाच्या दारात उभे होतो आणि हा गडी हसत हसत येत होता!

चित्राखाली पाटी होती: 'वादळात हसत गेलेला तांडेल.'

कातळवेळात अजूनही बोहल्यावर नवरदेव बावरला, तर बायका म्हणतात, अरे, हिराजीसारखा हस की!

निशिकांतने आजोबांना कधी पाहिलं नव्हतं. तो जन्मायच्या आधीच ते गेले. त्याने पाहिलं ते हे चित्र. शाळेत मार खाताना त्याने हे चित्र आठवलं होतं, तटरक्षक दलाच्या भरतीत धावताना आठवलं होतं. आणि पोहायला शिकताना तर रोजच. तेव्हा हेच उस्मानचाचा त्याच्या पाठीला दोन सुके नारळ बांधून त्याला खाडीत ढकलून द्यायचे आणि काठावरून ओरडायचे, "आधी सोड! श्वास आधी सोड, मग घे!"

समुद्राचं जे काही त्याला येत होतं, त्याचा पहिला धडा तो. त्या आठ वल्हेकऱ्यांपैकी सात जण गेले होते. उरले होते एकटे चाचा.

"मी काय आणलंय ते तर बघा," निशिकांत म्हणाला.

त्याने कापडात गुंडाळलेली चौकट सोडवली आणि बाजाच्या पेटीवर टेकवून उभी केली. मोठा फोटो, काच लावलेला.

समुद्र उकळतोय. जहाज एका कुशीवर कललंय. आणि जहाजाच्या माडीवर, दाराच्या चौकटीला खांदा टेकून निशिकांत उभा आहे. दोन्ही हात कोटाच्या खिशात. बाजारात भाव विचारायला उभा असावा तसा.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. एक मच्छीमार नौका उलटली होती, अकरा खलाशी पाण्यात होते. निशिकांतने आपलं गस्ती जहाज तिथं नेलं आणि अकराच्या अकरा जण उचलून आणले. फोटो त्याच्याच एका नाविकाने काढला होता. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापला. 'खिशात हात घालून वादळाशी गप्पा मारणारा कप्तान!' मग पदक, मग सत्कार. शाळा, कॉलेजं, मंडळं... आजवर एकतीस सत्कार झाले होते. बत्तिसावा उद्या कातळवेळात होता, गावदेवीच्या मांडवात.

"हा आजोबांच्या शेजारी लावायचा," तो म्हणाला. "आणि खाली ही."

त्याने पितळेची पट्टी पुढे केली. कोरून घेतलेली. 'वादळात हसला आजोबा, वादळात अढळ नातू.'

चाचांनी पट्टी वाचली. मग फोटोसमोर बसकण मारली आणि खूप वेळ बघत राहिले. निशिकांत वाट बघत होता. एकतीस सत्कारांत त्याला कुणाच्या शाबासकीची एवढी ओढ लागली नव्हती.

"हात कुठे आहेत तुझे?" चाचांनी विचारलं.

"खिशात," निशिकांत हसला. "सगळ्यांना तेच आवडलंय."

"ते दिसतंय. मी विचारतोय, का आहेत? एवढं जहाज कललंय. माणूस कशाला तरी धरेल."

"मला धरायची गरज वाटली नाही, चाचा."

चाचांनी मान हलवली. हो म्हटलं की नाही, ते कळलं नाही.

"चढ होडीत," ते म्हणाले.

निशिकांत एका ढांगेत चढला. मागे, सुकाणापाशी, आडवी फळी होती. लाकूड मधोमध झिजून खोलगट झालं होतं.

"ती. तीच त्यांची जागा. बस."

निशिकांत बसला. त्याचा ऊर भरून आला. याच फळीवर...! त्याने पाठ ताठ केली, हनुवटी वर केली आणि चाचांना फोटो काढता यावा म्हणून खिशातून मोबाइल काढला.

पण चाचाच होडीत चढत होते. आधी एक गुडघा, मग दुसरा. निशिकांतने हात पुढे केला तो त्यांनी झटकला. दम खात खात ते आले आणि त्याच्या समोरच्या बाकावर बसले. त्याच्याकडे तोंड करून. इतके जवळ की दोघांचे गुडघे गुडघ्यांना लागले.

"ही माझी जागा," चाचा म्हणाले. "एकोणीस वर्षांचा होतो. दुपारी एकपासून सूर्य कलेपर्यंत इथं बसून मी फक्त एकच गोष्ट पाहिली. तांडेलाचं तोंड."

निशिकांतला ते ऐकून आणखीच अभिमान वाटला. "नशीबवान तुम्ही."

"आता सांग."

"काय?"

"तुझं वादळ. मला कुठे कुणी सत्काराला बोलावलंय? मला इथं सांग."

आणि चाचांनी दोन्ही मुठी आवळल्या. हातात काही नव्हतं. तरी त्यांनी ते हात पुढे नेले, मागे ओढले. पुढे. मागे. पाठ वाकत होती, सरळ होत होती. नव्वद वर्षांचं शरीर, पण लय एकदाही चुकत नव्हती.

निशिकांतने सुरुवात केली. त्याला सगळं तोंडपाठ होतं. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, बिनतारी संदेश कधी आला, आपण काय हुकूम दिला. शाळेतली पोरं कुठे टाळ्या वाजवतात तेही त्याला ठाऊक होतं.

समोर ते हात पुढे जात होते, मागे येत होते. आणि चाचांचे डोळे त्याच्या तोंडावरून हलत नव्हते.

"...मग आम्ही वाऱ्याच्या अंगाने जवळ गेलो. पहिला खलाशी दिसला तेव्हा मी म्हणालो..."

तो थांबला.

"काय म्हणालास?"

दर वेळी तो इथं म्हणायचा, 'मी म्हणालो, गड्यांनो, आज अकरा घरांत दिवा लागला पाहिजे.' मग टाळ्या पडायच्या.

पण गुडघ्याला गुडघा लागलेल्या माणसाला ते वाक्य सांगता येईना.

"काही म्हणालो नाही," निशिकांत म्हणाला.

चाचांचे हात थांबले नाहीत.

"मला बोलताच येत नव्हतं, चाचा. आणि हात... हात असे उडत होते. मी रेलिंग धरलं तर रेलिंग वाजायला लागलं. बाजूला माझी माणसं होती. त्यांना दिसलं असतं. म्हणून खिशात घातले. सगळ्यांना वाटलं, काय थंड डोक्याचा माणूस आहे. मी हुकूम मानेने दिले. डावीकडे, उजवीकडे. तेही लोकांना आवडलं."

बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं. शिशाच्या गोळ्या दगडावर वाजत होत्या.

"मी बदलीचा अर्ज केलाय," निशिकांत खालच्या आवाजात म्हणाला. "किनाऱ्यावरचं काम मागितलंय. कार्यालयात. लोकांना वाटतं बढती मिळतेय. बायकोलाही तेच सांगितलंय." त्याने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. "हे हसू माझ्या अंगात उतरलं नाही. दोन पिढ्यांत रक्त पातळ झालं असणार. फोटो लावून तरी बरोबरी होईल, असं वाटलं होतं... खोटं कशाला बोलू."

चाचांनी हात थांबवले. हळूच मांडीवर ठेवले.

"ते हसत नव्हते," ते म्हणाले.

"कोण?"

"तांडेल. त्यांचे दात वाजत होते."

निशिकांत ताडकन उठला. होडी करकरली.

"चाचा!"

"बस."

"माझ्या आजोबांबद्दल बोलताय तुम्ही! अख्ख्या बंदराने पाहिलंय. आगबोटीवरच्या लोकांनी पाहिलंय. चित्र आहे समोर!"

"लांबून पाहिलं त्यांनी. लांबून दात दिसतात." चाचांचा आवाज चढला नाही. "मी एवढ्यावर होतो. आता तू आहेस ना, एवढ्यावर. वाऱ्याच्या घोंघाटात मला आवाज ऐकू येत होता. खटखटखट... पहिल्या फेरीत वाटलं, सुकाणाची खीळ ढिली झालीय. मग बघितलं तर तांडेल."

निशिकांत उभाच होता.

"चेहरा पिठासारखा. खडपाजवळ आलो तेव्हा डोळ्यांतून पाणी. ते दर्याचं नव्हतं, दर्याचं पाणी असं दोन धारांनी येत नाही. पण सुकाण..." चाचांनी आपली हाडकुळी तर्जनी ताठ धरली. "सुकाण असं. एवढंसुद्धा हललं नाही."

"तुम्ही... कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? माझ्या मागे सात जण. त्यांना माझी पाठ दिसत होती. मी वळून सांगितलं असतं, तांडेल घाबरलाय, तर वल्ही पाण्यात राहिली असती का? मी पाठ सरळ ठेवली. ते सात जण माझ्या पाठीकडे बघून वल्हं मारत राहिले."

निशिकांत सावकाश खाली बसला.

"मग ते हसण्याचं कुठून आलं?"

चाचांच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"तिसरी फेरी झाली. शेवटची बाई उतरवली. वाळूत गर्दी. तांडेल माझ्यापाशी आले. माझा खांदा धरला. त्यांना माहीत होतं ना, मी काय बघितलंय ते. म्हणाले, 'उस्मान, काय दिसलं रे तुला?'"

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, 'हसत होतात, तांडेल.' जोरात म्हटलं. सगळ्या वाळूवर ऐकू जाईल असं. नटमंडळी बाजूलाच कुडकुडत उभी होती. त्यांनी उचललं. त्यांना तर तेच हवं असतं! म्हणाले, हो हो, आम्हीही पाहिलं, दात दिसत होते!" चाचा खोकले, की हसले, कुणास ठाऊक. "तांडेल माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. इतके हसले, इतके हसले की वाळूत बसले. तुझ्या आजीने येऊन त्यांना उठवलं. ते हसू खरं. ते लोकांनी जवळून पाहिलं."

निशिकांतने भिंतीकडे पाहिलं. चित्र तेच होतं. फडकं, मिशा, लाट, दात. लहानपणापासून पाठ असलेलं. पण त्या दातांच्या वर, त्या नटाने रंगवलेले डोळे मात्र त्याने आज पहिल्यांदा पाहिले. डोळे हसत नव्हते. रंगवणाऱ्याला ठाऊक होतं की काय...

दात वाजत असताना तो माणूस पहिल्या फेरीनंतर परत आला होता. वाळूवर पाय टेकले होते. 'आता पुरे' म्हणायला मोकळा होता. दात वाजवत दुसऱ्यांदा गेला. पुन्हा आला. आणि आता पुढे काय आहे ते सगळं ठाऊक असताना तिसऱ्यांदा गेला.

आयुष्यभर ज्या आजोबांचा त्याने अभिमान बाळगला, ते आता त्याला फार लहान वाटू लागले. आणि त्यांच्या जागी हा दुसराच माणूस, खटखट वाजणाऱ्या दातांचा, भिंतीवर मावेनासा झाला. हा आपला आजोबा! निशिकांतला ओरडून सगळ्या बंदराला सांगावंसं वाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलं नाही.

"मी तो अर्ज मागे घेतो," तो म्हणाला.

चाचांची होडीतून उतरायची खटपट सुरू झाली होती. या वेळी निशिकांतने हात दिला, आणि या वेळी त्यांनी तो घेतला.

खाली उतरल्यावर चाचांनी फोटो उचलला, चित्राच्या उजव्या अंगाला गेले आणि खिळ्याला अडकवला. खिळा आधीच ठोकलेला होता. नवा, चकचकीत.

"चाचा... हा खिळा?"

"सप्टेंबरात ठोकला. पेपर आला त्या दिवशी." चाचा दोन पावलं मागे सरले. फोटो एका बाजूला कलला होता, तो सरळ केला. मग पुन्हा मागे सरून, कमरेवर हात ठेवून, ते त्या खिसेवाल्या कप्तानाकडे बघत राहिले. बाप पोराचं लग्न बघतो तसे. "माझा शागीर्द आहे तो. नारळ बांधून ढकलला होता मी त्याला."

"मग पट्टी?"

"ती घेऊन जा. 'अढळ' म्हणे! उद्या तुझी माणसं आली तर हसतील."

निशिकांत खरंच हसला. पितळेची पट्टी त्याने कापडात गुंडाळली. मोठ्या दरवाज्यातून समुद्र दिसत होता. ओहोटी होती, कासवखडपाची काळी पाठ पाण्याबाहेर आली होती. ऊन पडलेलं, लाट नावालाही नव्हती. एवढंसं अंतर. आणि तरी तिकडे बघताना त्याला भीती वाटली, आणि त्या भीतीची त्याला आज लाज वाटली नाही.

"पण चाचा, एक विचारू?"

"विचार."

"तांडेलाला भीती वाटत होती. मला वाटली. तुम्ही तर तेव्हा कोवळे होता. तीन फेऱ्या वल्हं मारलंत, एकदाही हात सुटला नाही. तुम्हाला नाही वाटली?"

चाचांनी दरवाज्याची कडी हातात घेतली. खडपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

"मला?" ते म्हणाले. "माझी तर दर्याकडे पाठ होती."